शर्यतीची मोटार आणि इंजिनाचा लगाम



युनियनचा माणूस व्यासपीठावर चढला की तो बोनस, महागाई भत्ता आणि संप यांवरच बोलणार, असे धरून चालण्याची आपल्याकडे रीत आहे. तेव्हा शर्यतीच्या मोटारींचा विषय मी कळविला, त्या वेळी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी तो पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, यात त्यांचा काही दोष नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते ट्रकच्या केबिनमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. आजच्या विषयाचे बी त्यांपैकी पहिल्या शाळेत पडले.

सोळाव्या वर्षी मी एका मालट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. आमचे उस्ताद फार बोलत नसत, पण घाटमाथ्यावर आले की गाडी बाजूला घेत, बिडी पेटवीत आणि दर खेपेस तेच वाक्य म्हणत, "पोरा, ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतरायचं." एकदा धीर करून मी विचारले, "उस्ताद, पण ब्रेक आहेत की सगळ्या चाकांना." ते म्हणाले, "ब्रेक थकतो. इंजिन थकत नाही. ते धरून ठेवतं." इंजिन ओढते हे मला ठाऊक होते. ते धरते कसे, हे कोडे मात्र पुष्कळ वर्षे डोक्यात राहिले. पुढे मोटारींच्या शर्यतींचा इतिहास वाचनात आला तेव्हा कळले, की युरोप-अमेरिकेतले मोठमोठे कारागीर आणि जिवावर उदार झालेले चालक शंभर वर्षांहून अधिक काळ याच कोड्याशी झगडत आले आहेत. शर्यतीचा इतिहास लोक वेगाचा म्हणून सांगतात. मला तो थांबण्याचा इतिहास वाटतो.

प्रथम कोडे सोडवू. धावत्या गाडीच्या अंगची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती चौपट. गाडी थांबवायची म्हणजे ही शक्ती कोठेतरी जिरवायची, आणि ती जिरते उष्णतेच्या रूपाने. ब्रेकचे लायनर ड्रमवर घासतात, ड्रम तापतो. वारंवार तापला म्हणजे लायनरची पकड सुटते, पाय पेडलवर असतो पण गाडी ऐकत नाही. उस्ताद ज्याला ब्रेकचे थकणे म्हणत ते हे.

आता इंजिन. पुष्कळांची, चांगल्या मेकॅनिकांचीही, अशी समजूत असते की सिलिंडरात हवा दाबावी लागते म्हणून इंजिन गाडीला धरते. ती पुरती खरी नाही. इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. जोर लागेल, पण सोडताच दांडा उसळून मागे येईल. दाबलेली हवा ही स्प्रिंग आहे. घेतलेले बहुतेक सगळे ती परत करते. आता त्याच सिरिंजला बारीक सुई लावून दांडा झपाट्याने मागे ओढा. पुन्हा जोर लागेल, हवा सुईतून चिकाटीने आत शिरेल, आणि हा जोर कोणी परत करणार नाही. पेट्रोल इंजिनात चालकाने रेसवरून पाय काढला की हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटते. चाके इंजिनाला फिरवीत असतात, पिस्टन खाली जाताना हवा मागतो, आणि त्याला सुईच्या भोकातून ओढावे लागते. त्यात पिस्टनांचे, बेअरिंगांचे, पंपांचे घर्षण मिळवा. हेच ते धरून ठेवणे. खालचा गिअर घातला की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्याची पकड दुहेरी जोराने चाकांपर्यंत पोचते. यातून निघणारी उष्णता ब्रेकच्या बंद डब्यात कोंडत नाही. रेडिएटर आणि धुराड्याची नळी तिला बाहेर घालवीत राहतात. म्हणून इंजिन थकत नाही. अडाणी म्हणविणाऱ्या माणसाने सांगितलेले वाक्य पदार्थविज्ञानात इतके बिनचूक बसावे, याचे मला आजही नवल वाटते.

आरंभीच्या शर्यतींत या धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. इंजिने मोठी, रस्ते कच्चे, आणि ब्रेकांचा जोर पडे तो फक्त मागच्या चाकांवर. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी तोंडावर आपटेल अशी भीती जाणत्यांनाही वाटे. या मताची मोठी कसोटी ४ जुलै १९१४ रोजी फ्रान्समध्ये लिओंजवळ झाली. सुमारे साडेसदतीस किलोमीटरांचा रस्ता आणि त्याच्या २० फेऱ्या. प्यूजो गाड्यांना चारही चाकांना ब्रेक होते, आणि त्यांचा नायक जॉर्ज ब्वालो वळणाच्या अगदी तोंडाशी येईतो वेग सोडीत नसे. समोर होत्या जर्मनीच्या मर्सिडीज, मागच्या चाकांपुरत्या ब्रेकांच्या. अशा गाडीच्या चालकाला वळणापूर्वी लवकर पाय काढावा लागे, गिअर उतरवीत यावे लागे आणि इंजिनाकडून थांबविण्याचा आपला वाटा वसूल करून घ्यावा लागे.

आपण म्हणाल, मग नव्या ब्रेकांचा विजय झाला असेल. झाला नाही. प्यूजोला टायर पुन्हापुन्हा बदलावे लागले, आणि शेवटच्या फेरीत ब्वालोची गाडी मोडून पडली. पहिल्या तिन्ही जागा मर्सिडीजने घेतल्या. जिंकला क्रिस्तियान लाउटेनश्लागर, सात तासांहून अधिक वेळ चाक हाती धरून. हा कोणी सरदारपुत्र नव्हता. १९०० साली डाइमलरच्या कारखान्यात कामगार म्हणून लागलेला मेकॅनिक. १९०८ सालची फ्रान्सची शर्यतही त्याने जिंकली होती, आणि एवढे यश मिळवूनही तो त्याच कारखान्याचा नोकर राहिला. त्याच्या बाजूला, त्या काळच्या प्रथेप्रमाणे, आणखी एक मेकॅनिक बसलेला. शर्यतींच्या बखरी चालकांची नावे मोठ्या अक्षरांत लिहितात आणि या दुसऱ्या माणसाला बहुधा विसरतात. आमच्या क्लीनरांसारखेच ते. लिओंच्या शर्यतीनंतर महिनाभरात महायुद्ध पेटले. ब्वालो वैमानिक होऊन १९१६ साली त्यात मारला गेला.

चार चाकांच्या ब्रेकांचे म्हणणे मात्र खरेच होते. एका दिवसाच्या निकालाने ते खोटे ठरले नाही. १९२१ साली ल मां येथे झालेली फ्रान्सची शर्यत जिमी मर्फी या अमेरिकन चालकाने जिंकली. त्याच्या ड्यूझेनबर्ग गाडीचे चारही ब्रेक नळ्यांतल्या द्रवाच्या दाबाने लागत, म्हणजे हल्लीच्या बहुतेक मोटारींत असतात त्या जातीचे. यानंतर मागे वळून पाहणे नव्हते.

येथे इंजिनाच्या लगामाचे दोषही सांगितले पाहिजेत. नाहीतर मी एका पक्षाची वकिली केली असे होईल. पहिला दोष असा, की इंजिन फक्त ज्या चाकांना जोडलेले असते त्यांनाच धरते. शर्यतीच्या बहुतेक गाड्यांत ती मागची. गाडी थांबू लागली की तिचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. नेमक्या त्याच वेळी खालचा गिअर धसमुसळेपणाने घातला, तर मागची चाके अडकून गाडी भोवऱ्यासारखी फिरते. दुसरा दोष खर्चाचा. चुकून फार खालचा गिअर पडला तर चाके इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवितात, झडपा पिस्टनवर आदळतात आणि क्षणात यंत्राचे भंगार होते. यावर उपाय चालकाच्या पायात होता. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबायचा, त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने रेसला थाप मारून इंजिनाचे फेरे चढवायचे, आणि फेरे जुळताच गिअर घालायचा. आमच्या ट्रकवाल्यांचा डबल क्लच आणि ही विद्या सख्खी भावंडे. ज्यांना हे अंगवळणी पडले त्यांच्या गाडीला वळणावर हिसका बसत नसे, आणि ब्रेकचे आयुष्यही वाढे.

चोवीस तासांच्या शर्यतीत या वाढलेल्या आयुष्याला सोन्याचे मोल. ल मां येथील ही शर्यत १९२३ पासूनची. तेथे सुमारे सहा किलोमीटरांचा एक सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी काटकोनी वळण. रात्रंदिवस, दर फेरीला, पूर्ण वेगातून तेथे गाडी आवरायची! ड्रम ब्रेक तेथे दमत, आणि शहाणा चालक इंजिनाच्या आधाराने त्यांना राखीत राही. ही स्थिती पालटली ती डिस्क ब्रेकने. तापलेली वस्तू डब्यात कोंडण्याऐवजी उघडी थाळी वाऱ्यात फिरवायची आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, अशी ही युक्ती. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण अर्धे शतक ती पडून राहिली. जग्वार आणि डनलॉप यांनी ती शर्यतीत आणली. १९५२ साली रँस येथे स्टर्लिंग मॉस तिच्यावर जिंकला. १९५३ साली टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ल मां जिंकले, तेही ताशी सुमारे १७० किलोमीटरांच्या सरासरीने. शंभर मैलांची सरासरी तेथे त्या वर्षी प्रथमच ओलांडली गेली.

आता जे सांगणार ते सुखाचे नाही. ११ जून १९५५. त्याच ल मां येथे जग्वारला डिस्क ब्रेक होते. मर्सिडीजला ड्रम, आणि त्यांची उणीव भरून काढण्यासाठी चालकाच्या पाठीमागे वाऱ्यात उभे राहणारे एक मोठे झाकण. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, निरनिराळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या. सायंकाळी माइक हॉथॉर्नने आपली जग्वार दुरुस्ती-ठाण्याकडे घेण्यासाठी ब्रेक लावला. मागून येणाऱ्या लान्स मॅक्लिनची ऑस्टिन-हीली डावीकडे वळली. तिच्या मागे ताशी सुमारे २४० किलोमीटरांनी पिएर लव्हेगची मर्सिडीज होती. ती हीलीच्या पाठीवरून उडाली, मातीच्या बंधाऱ्यावर आदळून फुटली, आणि तिचे इंजिन व पुढचा आस गर्दीतून आरपार गेले. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. शर्यत चालूच ठेवली. ती थांबविली तर निघालेल्या गर्दीत रुग्णवाहिका अडकतील, असे चालकमंडळींनी नव्हे, तर आयोजकांनी पुढे सांगितले. मर्सिडीजने आपल्या उरलेल्या गाड्या रात्री काढून घेतल्या. चौकशीत कोणा एका चालकाला दोषी धरले नाही; रस्त्याच्या रचनेवर ठपका आला.

मी या चौकशीचा निष्कर्ष पुष्कळदा मनात घोळविला आहे. कारखान्यातल्या अपघातानंतर मालक विचारतो, "कोणाची चूक?" आणि आम्ही म्हणतो, "यंत्र कसे मांडले होते ते आधी पाहा." वेग वीस वर्षांत कितीतरी वाढला होता आणि प्रेक्षकांपुढे मातीचा जो बंधारा होता तो जुन्याच काळातला राहिला होता.

डिस्क ब्रेक आल्यावर इंजिनाच्या लगामाची गरज संपली, असे वाटण्याजोगा काळ आला. स्वीडनच्या साब मोटारीत तर तो मुद्दाम टाळलेला असे. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, वंगण पेट्रोलातच मिसळलेले. उतारावर रेस सोडली की पेट्रोलाबरोबर वंगणही तुटे. म्हणून चाके इंजिनाला ओढणार नाहीत अशी सोय गाडीत होती. या गाडीवर एरिक कार्लसनने १९६२ आणि १९६३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. तेव्हा इंजिनाच्या लगामावाचून शर्यत होतच नाही असे कोणी समजू नये. पण ज्या इंजिनाने मुळातच तो फारसा दिला नाही, त्या डिझेलची गोष्ट अधिक मोलाची आहे, आणि तिचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

क्लेसी कमिन्स हा अमेरिकेतल्या इंडियाना प्रांताचा. शिक्षण आठवीपर्यंत, माझ्याहूनही एक इयत्ता कमी. एका बँकवाल्याचा शोफर होता. त्याच धन्याच्या भांडवलावर १९१९ साली त्याने डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. डिझेल म्हणजे संथ, जडशीळ यंत्र ही लोकांची समजूत मोडण्यासाठी १९३१ साली त्याने ड्यूझेनबर्गच्या सांगाड्यात आपले इंजिन बसवून गाडी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरविली. डेव्ह इव्हान्स चालक. पाचशे मैल ती एकदाही न थांबता धावली. त्या शर्यतीत असे पूर्वी कोणी केले नव्हते. नंबर तेरावा आला, पण नाव झाले.

त्याच वर्षी कमिन्स, इव्हान्स आणि आणखी एक सहकारी डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप नसते. सिरिंजची सुईच नाही म्हणा ना. शिवाय दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून पिस्टनला पुन्हा ढकलते. इंजिन धरीना. घाटाच्या पायथ्याशी रेल्वेचे फाटक, आणि त्यावरून मालगाडी चाललेली. तिचा शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक थोडक्यात मागून निघून गेला.

ही आठवण कमिन्सला पंचवीस वर्षे छळीत होती. अखेर वयाच्या सत्तरीच्या सुमारास, निवृत्त झाल्यावर, त्याला उत्तर सापडले आणि ते उत्तर सुंदर आहे. पिस्टन हवा पुरी दाबून वर पोचला, की त्याच क्षणी धुराड्याची झडप किंचित उघडायची. दाबायला लागलेला जोर गाडीचा खर्च झाला. स्प्रिंग उसळण्यापूर्वीच सोडून दिली. ओढणारे इंजिन घटकाभर हवा दाबणारा पंप बनले. १९६१ साली हा ब्रेक बाजारात आला, तो जेकब्स कंपनीचा. लेथवर किंवा ड्रिलवर काम केलेला प्रत्येक कामगार जेकब्स चक ओळखतो. तीच ही कंपनी. आणि १९६२ साली पुण्याच्या कोथरुडात किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना निघाला. त्याच्या फाटकावर मी पत्रके वाटली आहेत, तेव्हा हा इतिहास मला ठाऊक नव्हता.

शर्यतीच्या गाड्यांत इंजिनाचा लगाम पुन्हा वादाचा विषय झाला तो २०११ साली. फॉर्म्युला वनच्या काही संघांनी धुराड्याचा झोत गाडीच्या पोटाखाली सोडला होता. त्याने गाडी रस्त्याला चिकटे. पण वळणावर चालक रेस सोडी तेव्हा झोतही थांबे. म्हणून पाय काढला तरी हवेची झडप उघडीच ठेवण्याची तजवीज इंजिनाच्या संगणकात केली गेली. सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत नियामकांनी यावर मर्यादा घातली. तेव्हा इंजिनवाले म्हणाले, झडप उघडी राहणे इंजिनाच्या प्रकृतीला आवश्यक आहे; कोणाला सवलत मिळाली, कोणी हरकत घेतली, आणि अखेर त्या मोसमापुरती मर्यादाच मागे घेऊन २०१२ पासून पक्की बंदी आली. वाटाघाटींच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या माणसाला ही कथा फार ओळखीची वाटते. २०१४ पासून त्याच गाड्यांत इंजिनाला विजेचे यंत्र जोडलेले असते. गाडी थांबताना ते तिला धरते आणि जिरणारी शक्ती बॅटरीत भरते. २०२५ पर्यंत त्याची ताकद १२० किलोवॅट होती. २०२६ च्या नियमांनी ती ३५० केली. जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाऱ्यावर जाई, तिचा काही भाग असा परत मिळतो.

आमच्या रस्त्यावर मात्र वाद वेगळाच होता. एका वाहतूक कंपनीत डिझेलच्या हिशेबावर ड्रायव्हरांचे पैसे कापले जात. ॲव्हरेज कमी आले की कपात. मग पोरे घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडीत, की तेवढेच डिझेल वाचेल. इंजिनाचा हात सुटे आणि सारा भार लायनरवर येई. एका पावसाळ्यात आमचा एक सभासद अशाच उतारावर गेला. मालकाच्या व्यवस्थापकांचे म्हणणे पडले, की न्यूट्रल करा असे आम्ही कोणाला सांगितले नव्हते.

मी त्यांना एक प्रयोग करायला लावला. डिझेलच्या येणाऱ्या आणि परतणाऱ्या दोन्ही नळ्या केबिनमधल्या एका खुणा केलेल्या डब्याला जोडल्या. गाडी गिअरात, रेसवर पाय न ठेवता, घाट उतरली. चाकेच इंजिनाला फिरवीत असल्याने पंप डिझेल सोडीना, आणि डब्यातली पातळी सूतभरही हलली नाही. मग उतरायला लागला होता तेवढाच वेळ यार्डात तेच इंजिन न्यूट्रलमध्ये नुसते चालू ठेवले. पातळी डोळ्यांदेखत खाली आली. व्यवस्थापक पुन्हापुन्हा डब्यात डोकावून पाहत होते. घाटाच्या मार्गावरची कपात रद्द झाल्याच्या करारावर सही व्हायला त्यानंतरही सात महिने लागले.